रोगाची खबर आणि तिची किंमत

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीतल्या नव्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक देशांना लागू झाल्या. त्याआधी चार महिने, मे २०२५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेने जिनिव्हात महामारी करार स्वीकारला होता. कोविडने सुरू करून दिलेल्या वाटाघाटींचा एक टप्पा इथे पुरा झाला, म्हणून या प्रश्नाचा एकदा सलग आढावा घ्यायला हरकत नाही. एका देशातली साथ दुसऱ्या देशात जाऊ नये यासाठी देशांनी एकमेकांशी कसे वागावे, ते कोणी ठरवावे आणि कोणी ते पाळले नाही तर काय करावे, हा तो प्रश्न. त्यावर पावणेदोनशे वर्षे चर्चा चालू आहे आणि तिच्यात वैद्यकशास्त्र, व्यापार, साम्राज्ये, धर्मयात्रा, औषध कंपन्या असे अनेक धागे गुंतलेले आहेत. तरीही ही चर्चा पुन्हा पुन्हा एकाच जागी अडते असे मला दिसते. हे सगळे नियम खबरीवर उभे आहेत. साथ जिथे उद्भवली त्या देशाने ती वेळेवर सांगितली तरच पुढचे उपाय होतात. पण सांगितल्याबरोबर त्याच देशाची जहाजे, विमाने, माल आणि माणसे अडवली जातात. नियमांनी खबर देणाऱ्याचे कर्तव्य उत्तरोत्तर काटेकोर केले. ती ऐकणाऱ्यांचे कर्तव्य मात्र सैल राहिले. हा मुद्दा डोळ्यांसमोर ठेवून, इतर भूमिकाही त्यांच्या बाजूने समजून घेत, हा आढावा मांडतो आहे.

बंदरे, यात्रा आणि पहिले करार

आलेल्या जहाजाला बंदराबाहेर रोखून धरण्याची पद्धत जुनी आहे. आजच्या दुब्रॉव्हनिकने, तेव्हाच्या रगुझा या व्यापारी गणराज्याने, १३७७ मध्येच प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा हुकूम काढला होता. पण हे प्रत्येक बंदराचे आपापले नियम होते. देशांनी एकत्र बसून नियम करावेत ही गरज कॉलऱ्याने निर्माण केली. १८१७ मध्ये बंगालमधून निघालेली ही पटकी पुढच्या लाटांमध्ये, १८३० च्या दशकात, रशिया, पश्चिम युरोप आणि अमेरिकेपर्यंत पोचली. आगबोटी आणि रेल्वेमुळे प्रवास वेगवान होत होता, आणि बंदरोबंदरीच्या विसंगत अटींमुळे व्यापाऱ्यांचे नुकसानही वाढत होते. १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा देश आले, प्रत्येकाने एक मुत्सद्दी आणि एक डॉक्टर पाठवला. ही जोडीच पुढच्या सगळ्या इतिहासाचे स्वरूप सांगून जाते. कॉलरा माणसाकडून माणसाकडे जातो की दूषित हवेतून होतो यावर डॉक्टरांचे एकमत नव्हते, आणि मुत्सद्द्यांना ते एकमत व्हावे अशी घाईही नव्हती. जगाचा मोठा व्यापार हाती असलेल्या ब्रिटनला बंदरांतला खोळंबा नको होता. भूमध्य समुद्राकाठच्या देशांना कडक नाकेबंदी हवी होती. १८६५ मध्ये हेजाझमध्ये हाजींमध्ये कॉलरा पसरला आणि तिथून युरोपात गेला. त्यानंतर १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने कॉलऱ्याचे मूळ घर भारत असल्याचे ठरवले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर ही भीती युरोपच्या आणखी जवळ आली. तरीही पहिला करार व्हायला १८९२ साल उजाडावे लागले. रॉबर्ट कॉख यांनी इजिप्तमध्ये आणि कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू ओळखून तोवर आठ वर्षे लोटली होती. तो करारही मुख्यतः सुएझमधून जाणाऱ्या जहाजांपुरता होता. आशियातला रोग युरोपात येऊ नये हा त्याचा उद्देश उघड होता. आशियात तो कमी व्हावा, ही जबाबदारी त्यात कोणी घेतली नव्हती.

मुंबईचा प्लेग आणि व्हेनिसचा दबाव

या व्यवस्थेखाली खबर देणाऱ्या भूमीचे काय होते हे मुंबईच्या प्लेगमध्ये जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. युरोपीय बंदरांनी लगोलग मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर निर्बंध घातले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये खास या साथीसाठी व्हेनिसला परिषद भरली. याच काळात सरकारने मुंबईहून निघणारी हज यात्रा थांबवली, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. घरझडती, सक्तीने रुग्णालयात आणि छावणीत नेणे, सामान जाळणे या सगळ्याला त्या कायद्याने मोकळीक दिली. आधीची कित्येक दशके हेच ब्रिटिश सरकार परिषदांमधून क्वारंटाइनला विरोध करीत आले होते. त्याचे धोरण इतक्या झपाट्याने बदलले, त्यामागे प्लेगच्या भयाबरोबरच भारतीय मालाच्या बाजारपेठा बंद होण्याचे भयही होते; वसाहतकालीन वैद्यकाचे डेव्हिड अर्नॉल्ड यांच्यासारखे अभ्यासक या आंतरराष्ट्रीय दबावाकडे लक्ष वेधतात. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँडच्या कारकिर्दीत सोल्जरांनी घरे कशी तपासली आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी काय केले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच साथीत, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. या घटना आपण स्वातंत्र्यलढ्याच्या आणि समाजसुधारणेच्या इतिहासात वाचतो आणि ते योग्यच आहे. पण पुण्याच्या पेठांतल्या झडतीचा एक धागा व्हेनिसच्या परिषदगृहापर्यंत जातो, हेही ध्यानात ठेवायला हवे. बाहेरच्या देशांचे समाधान व्हावे म्हणून आतल्या लोकांवर सक्ती करायची, ही पद्धत तेव्हा रूढ झाली. आणि सक्तीच्या भीतीने लोक रुग्ण लपवू लागले, म्हणजे खबरीचा झरा तळाशीच आटला.

यादीतले रोग आणि यादीबाहेरचे जग

१९०३ मध्ये पॅरिसला विखुरलेले करार एकत्र केले गेले, १९०७ च्या करारातून पॅरिसमध्येच एक कायमचे आंतरराष्ट्रीय कार्यालय उभे राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली. तिच्या घटनेच्या २१ आणि २२ व्या कलमांत एक विलक्षण तरतूद आहे: सभेने संमत केलेले आरोग्य नियम सगळ्या सदस्यांना आपोआप लागू होतात, ज्याला नको असतील त्याने मुदतीत तसे कळवायचे. आंतरराष्ट्रीय कायद्यात इतका मोठा अधिकार फार थोड्या संस्थांना मिळाला आहे. १९५१ मध्ये या अधिकाराने पहिले नियम झाले आणि कॉलरा, प्लेग, पीतज्वर, देवी, टायफस व पुनरावर्ती ज्वर हे सहा रोग त्यांत आले. १९६९ मध्ये शेवटचे दोन गळले. देवीचे निर्मूलन झाल्यावर १९८१ मध्ये तीनच उरले. एड्ससारखा रोग जगभर पसरत असताना नियम मात्र एकोणिसाव्या शतकातल्या तीन रोगांपुरते राहिले.

पण यादी अपुरी होती एवढाच दोष नव्हता. यादीतल्या रोगांच्या बाबतीतही नियम कोणाला रोखू शकले नाहीत. १९६९ च्या नियमांनी सांगितलेले उपाय हे कमाल उपाय होते. त्यांच्या पलीकडे जायला देशांना मुभा नव्हती. १९९१ मध्ये पेरूत कॉलरा आला, वर्षभरात तीन लाखांहून अधिक रुग्ण झाले, आणि पेरूने ते जाहीर केले. त्याचे मासे आणि फळे अनेक देशांनी अडवली. नुकसानीचा नेहमी दिला जाणारा अंदाज ७७ कोटी डॉलरचा आहे. तीन वर्षांनी पाळी भारताची आली. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरच्या अखेरीस सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची भीती पसरली. मृतांची अधिकृत संख्या साठीच्या आत होती. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवास वा व्यापार रोखण्याची गरज नसल्याचे सांगितले. तरी भारताकडे येणारी उड्डाणे रद्द झाली, भारतीय प्रवाशांना अडवले गेले, काही देशांनी भारतातून येणारे खाद्यपदार्थ बंद केले. या नुकसानीचे अंदाज दोन अब्ज डॉलरच्या आसपास जातात. प्लेग यादीत होता, कमाल उपाय लिहिलेले होते आणि ते ओलांडले गेले. ओलांडणाऱ्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. १९९५ मध्ये नियम बदलण्याचा ठराव झाला, त्याला पेरू आणि सुरतेची पार्श्वभूमी होती. तो ठराव मार्गी लागायला मात्र आणखी एक धक्का लागला. नोव्हेंबर २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सार्स सुरू झाला. चीनने संघटनेला माहिती दिली ती फेब्रुवारी २००३ मध्ये. आठ हजारांवर लोक आजारी पडले, ७७४ दगावले. चीनच्या मौनाबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. पेरू आणि भारताने बोलून काय मिळवले होते, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

२००५ ची नियमावली

सध्याच्या व्यवस्थेचा पाया असलेली नियमावली मे २००५ मध्ये संमत झाली आणि १५ जून २००७ पासून अंमलात आली. आज १९६ देश तिने बांधलेले आहेत. तिने रोगांची बंद यादी सोडून दिली. चार गोष्टी मात्र नेहमीच कळवायच्या: देवी, नैसर्गिक विषाणूचा पोलिओ, सार्स आणि माणसात आढळलेला इन्फ्लुएन्झाचा नवा उपप्रकार. बाकी कोणत्याही घटनेसाठी चार प्रश्न विचारायचे. परिणाम गंभीर आहे का, घटना असाधारण किंवा अनपेक्षित आहे का, सीमेपार पसरण्याचा मोठा धोका आहे का, प्रवास आणि व्यापारावर निर्बंध येण्याचा मोठा धोका आहे का? दोन उत्तरे होकारार्थी आली की मूल्यांकनानंतर चोवीस तासांत कळवायचे. सरकारखेरीज इतर मार्गांनी आलेली माहितीही संघटना विचारात घेऊ शकते आणि तिच्याबद्दल देशाला विचारणा करू शकते. सार्सचा हा थेट धडा होता. गंभीर घटनेत महासंचालक तज्ज्ञ समितीचा सल्ला घेऊन आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर करतात. दुसऱ्या बाजूला ४३ वे कलम आहे. संघटनेच्या शिफारशींहून कडक उपाय देश योजू शकतात. पण त्यांना शास्त्रीय आधार हवा, वाहतुकीत लक्षणीय अडथळा आला तर ४८ तासांत कारणे कळवावीत आणि तीन महिन्यांत फेरविचार करावा. कारणे दिलीच नाहीत तर काय, याचे उत्तर कलमात नाही.

नियमावलीचा तिसरा पाय सर्वांत कच्चा राहिला. प्रत्येक देशाने रोग शोधणारी प्रयोगशाळा, नोंदी, प्रशिक्षित माणसे आणि बंदर-विमानतळांवरची सोय २०१२ पर्यंत उभी करायची होती. मुदत भरली तेव्हा सुमारे पाचातल्या एका देशाने आपली तयारी पूर्ण असल्याचे कळवले. मुदत दोनदा वाढवावी लागली. पैसा कुठून यावा हे नियमांत लिहिलेले नव्हते. त्यातूनच २०१६ पासून बाहेरच्या तज्ज्ञांसह देशांच्या तयारीचे संयुक्त मूल्यांकन सुरू झाले. ते ऐच्छिक आहे, तरी पुष्कळ देशांनी करून घेतले.

या व्यवस्थेत शांतपणे चालणारा भागही आहे आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. पीतज्वराचे उदाहरण घ्या. हा रोग भारतात कधीच आलेला नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरांत आहे. म्हणून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बाधित देशांतून येणाऱ्याकडे लस घेतल्याचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि नसेल तर त्याला सहा दिवस वेगळे ठेवले जाते, कारण रोगाचा अधिशयन काळ सहा दिवसांचा आहे. लशीचे संरक्षण आयुष्यभर टिकते हे पटल्यावर जुलै २०१६ मध्ये प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदतही काढून टाकली गेली. या उपायाला कारण आहे, मोजलेली मर्यादा आहे आणि नवा पुरावा आला की तो बदलतो. म्हणूनच तो कोणाला शिक्षा वाटत नाही.

घंटा कधी वाजवायची?

२००९ पासून आठ वेळा आणीबाणी जाहीर झाली: स्वाइन फ्लू, पोलिओ, पश्चिम आफ्रिकेतला इबोला, झिका, काँगोतला इबोला, कोविड आणि दोनदा एमपॉक्स. जवळजवळ प्रत्येक वेळी वेळेवरून वाद झाला. २००९ मध्ये संघटनेने अकारण घबराट पसरवली अशी टीका युरोपात झाली. २०१४ मध्ये तक्रार उलटी होती: इबोला आवाक्याबाहेर गेल्याचे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने जूनमध्ये सांगितले असताना घोषणा ८ ऑगस्टला झाली, त्या साथीने अखेर अकरा हजारांहून अधिक बळी घेतले. काँगोच्या साथीत समितीने तीनदा नकार देऊन चौथ्या बैठकीत, जुलै २०१९ मध्ये, होकार दिला. कोविडच्या वेळी २२ आणि २३ जानेवारी २०२० च्या बैठकींत समिती दुभंगली आणि घोषणा ३० तारखेला झाली. जुलै २०२२ मध्ये एमपॉक्सवर समितीचे बहुमत विरोधात असतानाही महासंचालकांनी आणीबाणी जाहीर केली. एक पक्ष म्हणतो, संशय आला की घंटा वाजवावी. एलेन जॉन्सन सरलीफ आणि हेलन क्लार्क यांच्या स्वतंत्र समितीने २०२१ मध्ये सावधगिरीचे हेच तत्त्व मांडले. दुसरा पक्ष म्हणतो, वारंवार वाजली तर तिच्याकडे कोणी लक्ष देणार नाही. आणीबाणी असणे आणि नसणे यांच्यामध्ये पायऱ्या असाव्यात, ही तिसरी सूचना. तिन्हींत तथ्य आहे. पण समित्या कचरतात याचे एक कारण त्यांच्या चर्चांतच दिसते: घोषणा झाली की प्रभावित देशाची विमाने आणि व्यापार अडवला जाईल ही धास्ती, विशेषतः काँगोच्या बाबतीत. म्हणजे घंटेचा वाद बराचसा सीमांच्या वादातून निघतो.

सीमा बंद करण्याचा प्रश्न

सीमा बंद करून उपयोग नसतो, हे विधान सरसकट करता येत नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ‘तालूने’ हे जहाज ऑकलंडहून इन्फ्लुएन्झा घेऊन पश्चिम सामोआला लागले आणि तिथली पाचव्या हिश्श्याहून अधिक माणसे मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने जहाजे रोखून धरली आणि तिथे या साथीने कोणी दगावले नाही. १९ मार्च २०२० ला सीमा बंद करणाऱ्या न्यूझीलंडलाही लसीकरणापर्यंतचा वेळ मिळाला. ही उदाहरणे बेटांची आहेत. तिथे रोग पोचण्याआधी दार लागले, आणि ते सर्वांना लागले. उलट बाजूचा पुरावाही भक्कम आहे. २००९ मध्ये मेक्सिकोकडची विमान वाहतूक सुमारे ४० टक्क्यांनी घटली, तरी स्वाइन फ्लूचा प्रसार दोन-तीन दिवसच लांबल्याचे नंतरच्या गणिती अभ्यासातून दिसले. वूहानच्या प्रवासबंदीने चीनमधला प्रसार तीन ते पाच दिवस लांबवला आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बाहेर जाणारे रुग्ण बरेच कमी केले, असा २०२० मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासाचा निष्कर्ष आहे. सार्सच्या वेळी कॅनडाने विमानतळांवर लाखो प्रवाशांचा ताप मोजला. त्यातून सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. एकंदर चित्र असे की बंदी लवकर आणि कडक असेल तर वेळ मिळतो, पण तो वेळ आत तयारी करण्यात गेला तरच कामी येतो. एका नाव घेतलेल्या देशावर उशिरा घातलेली बंदी फारसे काही साधत नाही.

आणि नेमकी अशीच बंदी सर्वांत जास्त वापरली जाते. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या वेळी चाळीसहून अधिक देशांनी शिफारशींपलीकडचे निर्बंध घातले. मदतकार्याला जाणाऱ्या डॉक्टरांचे आणि साहित्याचे मार्गही त्यामुळे अडले. ऑस्ट्रेलियाने मे २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात भारतातून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांना बंदी केली आणि ती मोडणाऱ्याला शिक्षेची तरतूद केली. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने नव्या उत्परिवर्तित विषाणूची माहिती दिली. दोन दिवसांत त्याला ओमायक्रॉन नाव मिळाले आणि त्याच सुमारास ब्रिटन, युरोपीय संघ, अमेरिका आणि इतर अनेकांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची विमाने बंद केली. तोवर हा विषाणू इतर खंडांवरही पोचलेला होता, हे थोड्याच दिवसांत उघड झाले. भारताने अशी सरसकट बंदी न घालता धोक्याच्या देशांची यादी करून तिथल्या प्रवाशांची चाचणी केली.

यावर एक आक्षेप विचार करायला लावणारा आहे. शिक्षा होऊनही दक्षिण आफ्रिकेने माहिती दिलीच. जनुकीय क्रम आता काही तासांत जगभर पोचतात, समाजमाध्यमांवर बातमी लपत नाही, मग खबर देणाऱ्याला संरक्षण हवे हा मुद्दा जुना झाला नाही का? मला तसे वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्षानुवर्षांच्या एचआयव्ही संशोधनातून उभे राहिलेले प्रयोगशाळांचे जाळे आहे. असे जाळे फार थोड्या देशांपाशी आहे. आजच्या काळात रोग लपवण्याची गरज पडत नाही, तो शोधलाच नाही तरी पुरते. तपासणी वाढवली, प्रयोगशाळा उभारली, की आपल्याच नावावर नवा रोग नोंदला जाणार आणि बंदरे बंद होणार, असे दिसत असेल तर कोणता अर्थमंत्री त्यासाठी पैसे देईल? खबर दडपल्याचे निदान कधीतरी कळते. न शोधलेल्या रोगाचा मागमूसही राहत नाही.

नमुने, लस आणि वाटा

खबरीची किंमत केवळ निर्बंधांतून चुकवावी लागते असे नाही. २००७ च्या सुरुवातीला इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबवले. आमच्या रुग्णांच्या विषाणूंपासून परदेशी कंपनी लस बनवते आणि ती आम्हालाच परवडत नाही, असे त्यांच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांचे म्हणणे होते. जगाच्या सुरक्षिततेशी हा खेळ आहे, अशी तेव्हा टीका झाली. पण तक्रारीतले तथ्य मान्य होऊन २०११ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या नमुन्यांसाठी एक वेगळी चौकट झाली आणि कंपन्यांनी लशींचा काही वाटा आणि वर्गणी द्यायचे ठरले. कोविडने हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये पेटंटचे नियम स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडला. जून २०२२ मध्ये बराच पातळ होऊन तो मंजूर झाला. आणि स्वतः भारताने मार्च २०२१ मध्ये दुसरी लाट उसळल्यावर लशींची निर्यात थांबवली, तेव्हा पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटवर भिस्त ठेवून बसलेल्या, लशींच्या जागतिक वाटपासाठीच्या कोव्हॅक्स योजनेचा आणि पर्यायाने आफ्रिकेतल्या अनेक देशांचा पुरवठा तुटला. आपल्या लोकांना आधी, हे कोणत्याही सरकारला टाळता येत नाही. म्हणून वाटपाचा नियम साथ येण्याआधीच ठरलेला हवा.

महामारी कराराने हे ठरवायचा प्रयत्न केला आहे. सहभागी उत्पादकांनी महामारीच्या काळात लस, औषधे आणि चाचण्यांचे २० टक्के उत्पादन जागतिक आरोग्य संघटनेकडे द्यावे, एकूण उत्पादनाचे निदान १० टक्के मोफत आणि उरलेले परवडणाऱ्या दरात. पण नमुने देणे आणि वाटा मिळणे यांची सांगड घालणारे परिशिष्ट करार स्वीकारताना पुढील वाटाघाटींवर सोडले गेले, आणि त्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही. विकसनशील देशांना वाटा बंधनकारक हवा आहे. औषध उद्योग आणि काही श्रीमंत देश म्हणतात की अटी वाढल्या तर कंपन्या सहभागीच होणार नाहीत आणि माहितीचा मुक्त प्रवाह खुंटेल. हा आक्षेप पोकळ नाही: कोविडची एमआरएनए लस जानेवारी २०२० मध्ये नमुना हाती न घेता, निव्वळ प्रसिद्ध झालेल्या जनुकीय क्रमावरून आखली गेली. नमुना रोखून धरण्याची ताकद त्यामुळे कमी झाली आहे. पण म्हणूनच देशांनी हा क्रम विनाअट प्रसिद्ध करत राहावे असे वाटत असेल, तर त्याचा मोबदला कुठेतरी लिहिलेला असावा लागेल.

सार्वभौमत्व आणि अंमल

नियमावलीवर दोन परस्परविरुद्ध आरोप आहेत. एक, तिने देशांचे सार्वभौमत्व जिनिव्हाकडे जाते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने २०२४ च्या दुरुस्त्या नाकारल्या, संघटनेतून बाहेर पडण्याची प्रक्रिया तर तिने आधीच सुरू केली होती. दुसरा, तिला दात नाहीत. मजकूर पाहता पहिला आरोप टिकत नाही. संघटना टाळेबंदी लादू शकत नाही, लस सक्तीची करू शकत नाही, परवानगीवाचून देशात पथक पाठवू शकत नाही, आणि महामारी करारात तर असा अधिकार नसल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. तरी त्यामागची एक चिंता खरी आहे: लोकांवरच्या सक्तीचा निर्णय लोकांना उत्तरदायी असलेल्यांनीच घ्यावा. १८९७ चे पुणे आठवले की ती पटते.

दातांबद्दल बोलताना एक तुलना नेहमी होते. २००७ पासून भारताने बर्ड फ्लूचे कारण देऊन अमेरिकेचे कोंबडीचे मांस आणि अंडी अडवली. अमेरिकेने २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २०१४ व २०१५ मध्ये भारत हरला. आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य मानके सोडून बंदी घातली, रोगमुक्त प्रदेश वेगळे काढले नाहीत, असा ठपका आला. माणसांच्या प्रवासावर अवाजवी बंदी घालणाऱ्यावर असा निवाडा कधी झालेला नाही. नियमावलीच्या ५६ व्या कलमात तंटा सोडवण्याची वाट आहे, पण ती उभयपक्षी संमतीची आहे. व्यापारासारखेच न्यायपीठ आरोग्यालाही असावे, असे काही कायदेतज्ज्ञ म्हणतात. अडचण अशी की कोंबडीच्या तंट्याला तीन वर्षे लागली आणि साथ तीन आठवड्यांत हाताबाहेर जाते. शिवाय भीतीच्या भरात कोणतेही सरकार दूरच्या न्यायपीठाची वाट पाहणार नाही. त्यामुळे निवाड्यापेक्षा आपोआप लागू होणारी अट उपयोगी ठरेल असे मला वाटते: संघटनेच्या शिफारशीपलीकडचा निर्बंध ठरावीक दिवसांनी संपावा, आणि चालू ठेवायचा तर शास्त्रीय कारणे जाहीर प्रसिद्ध करावी लागावीत. पीतज्वराच्या नियमात हीच शिस्त आहे आणि ती पाळली जाते.

२०२४ नंतर काय उरले

२०२४ च्या दुरुस्त्यांनी काही कामे पुढे नेली. ‘महामारी आणीबाणी’ ही आणीबाणीच्या वरची पायरी आली. प्रत्येक देशात नियमांसाठी एक जबाबदार यंत्रणा नेमायची आहे. औषधे आणि लशींच्या न्याय्य उपलब्धतेचा उल्लेख नियमांत आला. निधीचा समन्वय करणारी व्यवस्था ठरली. आणि अंमलबजावणी पाहणारी देशांची समिती आली, तिचे काम दंड न करता साहाय्य करण्याचे आहे. ४३ व्या कलमाची धार मात्र वाढली नाही. नुकसानभरपाईचा विषयही बाजूलाच राहिला. जागतिक बँकेने २०१७ मध्ये विम्याच्या धर्तीवर काढलेली महामारी योजना अटींच्या गुंत्यामुळे फार उशिरा पैसे देते अशी टीका होऊन गुंडाळली गेली. २०२२ चा महामारी निधी पूर्वतयारीसाठी आहे, खबर देऊन झालेल्या तोट्यासाठी नाही. भरपाई मिळाली तर देश उगाच साथी जाहीर करतील, असा आक्षेप घेतला जातो. पेरू आणि सुरतेचे आकडे पाहता कोणतीही भरपाई तोट्याच्या जवळपासही पोचणार नाही; तोटा ओढवून घेऊन तिच्या मागे कोणी लागणार नाही. माहिती दिल्याच्या दिवसापासून मिळणारी थोडी पण निश्चित रक्कम, पहिल्या काही आठवड्यांच्या तपासणी आणि उपचारापुरती, एवढे तरी शक्य आहे.

या प्रश्नात भारत सगळ्या भूमिकांतून गेला आहे. १८९६ आणि १९९४ मध्ये त्याने खबरीची किंमत दिली, २०२१ मध्ये त्याच्या माणसांवर सीमा बंद झाल्या, कोंबडीच्या प्रकरणात त्याने स्वतः पुराव्यापलीकडे निर्बंध घातला, आणि लस रोखून इतरांना अडचणीतही टाकले. इतका चौफेर अनुभव असलेला देश जिनिव्हात केवळ लशींच्या वाट्यापुरता बोलू नये. शिफारशीपलीकडच्या निर्बंधांना मुदत आणि खबर देणाऱ्या देशाला निश्चित मदत, या दोन दुरुस्त्यांचा मसुदा भारताने मांडावा आणि त्यातली मुदतीची अट आधी आपल्या विमानतळांवर लागू करावी.